नवीन कॅप बसवल्यापासून ती एकच दाढ आधी टेकते, बाकीचे दात लागतच नाहीत, काय करावं?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी, इथे दातांचे डॉक्टर आणि जाणकार लोक आहेत म्हणून विचारतेय. खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालं आणि मागच्या आठवड्यात त्यावर झिर्कोनियाची कॅप बसवली. बसवताना डॉक्टरांनी तो निळा कागद दातांमध्ये ठेवून चावायला लावलं, थोडं घासलं, परत चावायला लावलं, पण तेव्हा इंजेक्शनमुळे अर्धा जबडा बधिर होता आणि मी खुर्चीत आडवी होते त्यामुळे नक्की कुठे काय लागतंय ते कळतच नव्हतं. संध्याकाळी बधिरपणा उतरला तेव्हा लक्षात आलं की तोंड मिटलं की ती दाढ पहिली टेकते आणि बाकीचे दात लागायला जबडा किंचित डावीकडे सरकवावा लागतो. वरणभात, पोळी ठीक आहे, पण शेंगदाणे, चकली, तळलेला बोंबील असं काही कुरकुरीत त्या बाजूने चावलं की कळ येते आणि सकाळी उठल्यावर उजवा गाल आखडल्यासारखा वाटतो.

क्लिनिकमध्ये फोन केला तर रिसेप्शनवरून सांगितलं की नवीन कॅप आहे, सवय होईल, पंधरा दिवस थांबा. आता मला हे कळत नाहीये की १) खरंच सवय होते का, २) त्या दाढेची नस तर काढलीय मग दुखतं काय, आणि ३) आरशात बघितलं तर कॅप अगदी बाकीच्या दाढांच्या लेव्हलला दिसते, मग एवढी उंच का वाटते? नोकरी फोर्टला आहे, सारखी सुट्टी मिळत नाही, म्हणून परत जायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

दंतवैद्य_परळ

ताई, आधी थोडक्यात उत्तर देतो, मग कारण सांगतो. पंधरा दिवस थांबू नका. फोन करून "बाईट हाय वाटतोय, चेक करायला येतेय" एवढंच सांगा आणि दोनचार दिवसांत जाऊन या, दहापंधरा मिनिटांचं काम असतं. नव्या कॅपचा गुळगुळीतपणा, आकार, जिभेला लागणं याची सवय होते. पण एकच दाढ आधी टेकत असेल आणि चावताना दुखत असेल तर ती सवय होण्याची गोष्ट नाही.

आता नस काढल्यावर दुखतं काय. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढतात. पण मुळाभोवती, मूळ आणि हाडाच्या मध्ये, तंतूंचा एक पातळ थर असतो, जाडी साधारण ०.२ मिमी, दात हाडाला चिकटलेला नसतो तर या तंतूंवर टांगलेला असतो असं समजा. दाब ओळखणारे मज्जातंतू त्या थरात आहेत आणि रूट कॅनलमध्ये त्यांना हात लागत नाही. कॅप उंच असली की प्रत्येक वेळी तोंड मिटताना पहिला मार त्या थरावर बसतो, तो सुजतो, ठणकतो. आणि हे तंतू भयंकर संवेदनशील आहेत, दोन दातांमध्ये ०.०२ ते ०.०३ मिमीची गोष्ट आली तरी माणसाला कळते. म्हणून आरशात सगळं सपाट दिसतं आणि तरी तुम्हाला उंच वाटतं. तुमचा दात आरशापेक्षा जास्त अचूक सांगतोय, त्याच्यावर विश्वास ठेवा.

आता मुळात दात बसतात कसे ते सांगतो, कारण हे कळलं की डॉक्टरशी बोलणं सोपं जातं. वरची कमान खालच्यापेक्षा थोडी मोठी असते त्यामुळे वरचे दात खालच्यांना सगळीकडून बाहेरून किंचित झाकतात, पुढे पटाशीच्या दातांमध्ये हे झाकणं साधारण २-३ मिमी असतं. मागे दाढांवर उंचवटे असतात, आम्ही कस्प म्हणतो. खालच्या दाढांचे गालाकडचे उंचवटे वरच्या दाढांच्या मधल्या खळग्यात बसतात आणि वरच्या दाढांचे टाळूकडचे उंचवटे खालच्यांच्या खळग्यात, खलबत्त्यासारखं. म्हणजे चावताना दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर आपटत नाहीत. आणि एक दात समोरच्या एकाच दाताला भेटत नाही, साधारण दोघांना भेटतो, अपवाद फक्त खालचे मधले दोन पटाशीचे आणि वरच्या शेवटच्या अक्कलदाढा. त्यामुळे एका दाढेची उंची बदलली की त्याचा हिशोब फक्त तिच्या समोरच्या दाढेपुरता राहत नाही. तुमचा जबडा डावीकडे सरकतोय तो याचमुळे, स्नायू त्या उंच जागेला चुकवून बाकीचे दात मिळवायचा प्रयत्न करतायत, आणि गाल आखडतोय त्यात याचाही हात असू शकतो.

पुढचं जरा लांब आहे पण वाचा, कारण बहुतेक ठिकाणी इथेच चेकिंग कमी पडतं. कागद ठेवून "टक टक चावा" म्हटलं की फक्त सरळ मिटताना कुठे लागतं तेवढं कळतं. पण आपण जेवताना जबडा नुसता वरखाली करत नाही. कानाच्या पुढे बोटं ठेवा आणि हळूच तोंड उघडा, पहिले दोनअडीच सेंटीमीटर सांधा जवळपास जागच्या जागी फिरतो, त्यापुढे उघडलं की बोटांखाली सांध्याचा गोळा पुढे आणि खाली घसरतो ते जाणवेल. घास चावताना जबडा एका बाजूला जातो आणि वर येताना तिरका आत येतो. समजा तुम्ही उजवीकडे चावताय, तर उजवा सांधा फिरतो आणि किंचित बाहेर सरकतो, डावा मात्र पुढे, खाली आणि आत जातो. हे बाजूला सरकणं इंग्लंडच्या नॉर्मन बेनेटने १९०८ साली मांडलं, अजूनही त्याच्याच नावाने शिकवतात. स्वीडनमधल्या उल्फ पॉसेल्टने १९५२ मध्ये खालच्या पटाशीच्या दाताचं टोक जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतं त्याचा पूर्ण नकाशा काढला, आणि त्या सगळ्या आकृतीत दात पूर्ण मिटलेली स्थिती म्हणजे वरचा एक बिंदू. फक्त एक बिंदू! आपण चेक करतो तो तेवढाच, आणि बाकी सगळा प्रवास तपासायचा राहून जातो.

या प्रवासात दाढांना वाचवायचं काम पुढचे दात करतात. दात मिटून खालचा जबडा सावकाश उजवीकडे सरकवा. बऱ्याच लोकांचे उजवे सुळे एकमेकांवर घसरतात आणि मागच्या सगळ्या दाढा सुटतात. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, आणि तो चावण्याच्या स्नायूंपासून दूर पुढे आहे म्हणून त्याच्यावर जोर कमी पडतो, ही जबाबदारी त्याला शोभते. वयानुसार सुळे झिजले की त्या बाजूच्या उपदाढा आणि दाढाही भार वाटून घेतात, तेही नॉर्मल आहे. पुढे सरकवलं तर पटाशीचे दात घसरतात आणि मागे दोन्हीकडे फट पडते. आता तुमच्या कॅपचा एखादा उंचवटा बाजूला जाताना वरच्या दाढेत अडकत असेल तर सरळ चावताना सगळं ठीक दिसेल आणि चकली खाताना कळ येईल. तुमच्या वर्णनावरून दोन्ही असावं असं वाटतंय, सरळ मिटतानाही उंच आणि बाजूलाही अडकतेय, पण तोंडात बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

म्हणून जाताना एवढं करा. इंजेक्शनशिवाय चेक करायला सांगा, घासताना कॅप दुखत नाही. खुर्ची सरळ करून बसून चेक करायला सांगा, कारण आडवं झालं की खालचा जबडा किंचित मागे जातो आणि दात वेगळ्या जागी भेटतात, आपण जेवतो बसून. एका रंगाच्या कागदाने सरळ चावा आणि दुसऱ्या रंगाच्या कागदाने उजवीकडे, डावीकडे, पुढे सरकवून बघा. आणि शेवटी शेजारच्या दाढांमध्ये पातळ फॉईल, ८ मायक्रॉनची येते, ती ठेवून चावलं की धरली जाते का ते बघा. कॅपच्या बाजूच्या दाढा ती फॉईल धरायला लागल्या तर काम झालं.

तोवर त्या बाजूने कडक खाऊ नका आणि "अजून उंच आहे का" म्हणून दिवसभर दात दाबून बघू नका, त्याने तो थर आणखी चिडतो.

लॅबवाला_लालबाग

डॉक्टरसाहेबांनी मस्त समजावलंय. मी कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, तर आमच्या टेबलावर काय होतं ते सांगतो.

डॉक्टर माप पाठवतात, आम्ही स्टोनचं मॉडेल ओततो, वरचं खालचं मॉडेल बाईटवर जुळवतो आणि आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, लावतो. आता आर्टिक्युलेटर दोन तऱ्हेचे बघायला मिळतात. एक साधा बिजागरीचा, तो फक्त उघडतो आणि मिटतो. दुसरा ज्याच्यात सांध्याचा उतार सेट करता येतो, बाजूला पुढे सरकवता येतो आणि पेशंटच्या वरच्या जबड्याची सांध्याच्या हिशोबाने जागा फेसबो नावाचं मापाचं साधन चेहऱ्याला लावून आणता येते. अमेरिकेतल्या बॉनविल नावाच्या दंतवैद्याने १८५८ मध्येच मोजून सांगितलं होतं की दोन सांधे आणि खालच्या मधल्या दोन दातांची भेट, हे तीन बिंदू जोडले तर साधारण १० सेंटीमीटर बाजूचा समभुज त्रिकोण होतो, त्यावरून सरासरी आकाराची आर्टिक्युलेटर बनली. माणूस सरासरी नसतो ही गोष्ट वेगळी, पण बिजागरीपेक्षा ती कितीतरी बरी.

एका कॅपसाठी बहुतेक वेळा हाफ ट्रेचं माप येतं, म्हणजे फक्त उजवी बाजू. सुळ्याच्या पलीकडे काहीच नाही. मग बाजूला सरकताना कुठे लागेल ते आम्ही कितीही जीव लावला तरी बघूच शकत नाही, कारण समोर मॉडेलच अर्धं आहे. दोन्ही जबड्यांचं पूर्ण माप किंवा पूर्ण स्कॅन आलं की कामात जमीन अस्मानाचा फरक पडतो. माप घेतल्यापासून कॅप बसेपर्यंत जे दिवस जातात त्यात टेम्पररी कॅप पडली असेल तर समोरची दाढ किंचित सरकलेली असू शकते, तेही एक कारण असतं. ताई, तुमची टेम्पररी मधे पडली होती का?

आणि एक महत्त्वाचं. झिर्कोनिया घासल्यावर पॉलिश केलीच पाहिजे. पॉलिश केलेली झिर्कोनिया समोरच्या दाताला त्रास देत नाही, पण बर (घासायचं फिरतं टोक) मारून खरखरीत सोडली तर समोरच्या दाढेचं इनॅमल झिजवते. पॉलिशिंगचे रबर वेगळे येतात, दोनतीन टप्प्यांत करावं लागतं. घासून झाल्यावर जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर तिथेच सांगा, लाजू नका.

कांदिवली_लोकल

कॅप कशाला घासता, झिर्कोनिया घासली की तिला तडा जातो असं ऐकलंय. माझ्या भावाला एका क्लिनिकमध्ये समोरची वरची दाढ थोडी घासून दिली, पाच मिनिटांत प्रॉब्लेम सॉल्व्ह. कॅपचे एवढे पैसे दिलेत तर ती कशाला खराब करायची?

दंतवैद्य_परळ

याच्याशी मी अजिबात सहमत नाही. कॅप नवी आहे, बदलता येते. समोरच्या दाढेचं इनॅमल एकदा गेलं की शरीर ते परत बनवत नाही. नव्या गोष्टीने जुन्या दातांशी जुळवून घ्यायचं, उलटं नाही. समोरची वरची दाढ खरंच जागेवरून खाली सरकून आलेली असेल, एखादा टोकदार उंचवटा मुळातच चुकीच्या जागी असेल, तर तो किंचित गोल करावा लागतो, पण ते कॅप बनवायच्या आधी ठरवायचं, पेशंटला सांगून, मॉडेलवर बघून. कॅप बसल्यावर सोपं पडतं म्हणून चांगला दात घासणं मला पटत नाही. झिर्कोनिया बारीक डायमंड बरने, पाणी मारत, हलक्या हाताने घासली आणि पॉलिश केली तर काही होत नाही. घासून ती फारच पातळ होणार असेल तर कॅप नवीन बनवावी.

मुलुंडकरीण

डॉक्टर, दादा, खूप खूप आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. हो, टेम्पररी कॅप मधे पडली होती आणि मी गावी होते त्यामुळे काही दिवस दाढ तशीच उघडी राहिली. बाजूला सरकवून बघितलं, डावीकडे जाताना सुळे घसरतात आणि दाढा सुटतात, पण उजवीकडे जाताना सुळे लागायच्या आधी ती कॅपच घासते, अगदी स्पष्ट जाणवतं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, बसून चेक करा असं आधीच सांगून ठेवलंय.

अजून एक विचारते, माझे दात बंद तोंडात एकमेकांना लागलेलेच असायला हवेत ना? कारण आता मी मुद्दाम लक्ष देतेय तर ऑफिसमध्ये स्क्रीनसमोर, नाहीतर ट्रेनच्या गर्दीत, मी दात आवळून धरलेले असतात.

दंतवैद्य_परळ

नाही! आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. आरामात असताना ओठ मिटलेले आणि दात सुटलेले हीच नॉर्मल स्थिती, मधे साधारण २ ते ४ मिमी फट. चावताना आणि गिळताना काय ते दात भेटतात, तेही क्षणभर, पूर्ण दिवसाची बेरीज केली तरी अर्धा तास भरत नाही. चावायचे स्नायू तेवढ्याच कामासाठी आहेत. तुम्ही तासनतास आवळून ठेवलंत तर ते थकणारच. दिवसा लक्षात आलं की जीभ टाळूला टेकवा, "न" म्हणताना टेकते तिथे, दात आपोआप सुटतात. झोपेत दात खात असाल, घरच्यांना करकर आवाज येत असेल, तर डॉक्टरांना सांगा, नाईट गार्डचा, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या प्लास्टिकच्या आवरणाचा, विचार करता येईल. पण आधी कॅप नीट होऊ दे, कॅप उंच असताना गार्ड करून काही उपयोग नाही.

घाटकोपर_पूर्व

धाग्यात घुसतोय त्याबद्दल सॉरी, पण मला जबड्याचाच प्रश्न आहे. तोंड उघडताना डाव्या कानापुढे कट् असा आवाज येतो, बरीच वर्षं, दुखत काही नाही, वडापाव आरामात खातो. मागच्या महिन्यात एका क्लिनिकमध्ये दात साफ करायला गेलो तर म्हणाले तुमचा बाईट चुकीचा आहे म्हणून आवाज येतो, दोन्हीकडच्या सगळ्या दाढा घासून लेव्हल कराव्या लागतील, नाहीतर पुढे जबडा लॉक होईल. पॅकेज सांगितलंय. घाबरलोय खरं सांगायचं तर.

दंतवैद्य_परळ

दादा, घाबरू नका आणि घासू नका. सांध्यात हाड आणि हाडाच्या मधे एक छोटी चकती असते, ती किंचित पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना सांध्याचा गोळा तिच्यावर चढतो आणि कट् वाजतं. न दुखणारा, तोंड पूर्ण उघडणारा आवाज खूप लोकांना असतो आणि बहुतेकांना कधीच उपचार लागत नाहीत. बाईटमुळेच सांधा बिघडतो आणि सगळे दात घासले की बरा होतो, ही समजूत एके काळी आमच्या क्षेत्रात जोरात होती, पण अभ्यासांमधून तिला आधार मिळाला नाही. जे परत आणता येत नाही ते सांध्याच्या आवाजासाठी करायचं नाही, हा आता सर्वमान्य नियम आहे. दुखायला लागलं तरी सुरुवात मऊ खाणं, शेक, मोठी जांभई टाळणं, गरज पडली तर दातांवर बसणारा, काढता घालता येणारा स्प्लिंट, इथूनच होते.

काळजी कधी करायची? तुमची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात असतील तर ठीक. आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड कमी उघडायला लागलं, किंवा मिटताना अडकलं, किंवा रोज दुखायला लागलं, तर लगेच दाखवा. दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, तिथे ओपीडीत आवाजाचं आणि बाईटचं सांगा, योग्य डिपार्टमेंटला पाठवतील. सकाळी लवकर जा, गर्दी असते.

माहीमकर_आजोबा

सगळं वाचलं, फार उपयुक्त. माझी वरखाली पूर्ण कवळी आहे. डॉक्टर, तुम्ही म्हणालात बाजूला जाताना दाढा सुटायला हव्यात, पण माझ्या डॉक्टरांनी मुद्दाम दोन्हीकडच्या दाढा लागतील अशी कवळी बनवून घेतली. मग ती चुकली का?

लॅबवाला_लालबाग

आजोबा, हे मी सांगतो, आमचं रोजचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. खऱ्या दाताला मूळ असतं, तो हाडात रोवलेला असतो, म्हणून एका बाजूला सुळ्यावर भार आला तरी चालतं. पूर्ण कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते. तिच्यात उजवीकडे चावताना फक्त उजवा सुळा लागला आणि डावीकडे फट पडली तर कवळी डावीकडून उचलते, खाली घास जातो, हिरडीला जखम होते. म्हणून आम्ही दात लावतानाच दाढांची ओळ थोडी वाकवून घेतो, म्हणजे उजवीकडे जा, डावीकडे जा, पुढे जा, दोन्ही बाजूंना कुठेतरी टेकलेलंच राहतं. समोरून मागे जाणारा असा बाक खऱ्या दातांतही असतो, जर्मनीच्या श्पे यांनी १८९० मध्ये दाखवलेला, कवळीत आम्ही तो जमवून घेतो. फेसबो आणि चांगला आर्टिक्युलेटर लागतो तो खरा इथे.

तुम्ही एवढंच करा आजोबा, घास दोन भाग करून दोन्ही बाजूंनी एकदम चावा, सफरचंद पेरू पुढच्या दातांनी तोडू नका, चिरून खा. आणि कवळी जुनी असेल तर एकदा दाखवून घ्या, हिरडीखालचं हाड हळूहळू कमी होत जातं, कवळीचे दातही झिजतात, मग हनुवटी नाकाकडे यायला लागते आणि ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात. तसं काही होतंय का? किती जुनी आहे कवळी?

माहीमकर_आजोबा

बारातेरा वर्षं झाली असतील. आणि हो, ओठांचे कोपरे सारखे चिरतात, मी उन्हाळ्यामुळे समजत होतो.

दंतवैद्य_परळ

मग आजोबा, ती बदलायची वेळ होऊन गेलीय. नवीन करताना जुनी कवळी सोबत घेऊन जा, फेकू नका, त्यावरून दात मिटल्यावर नाक आणि हनुवटीमधली पूर्वीची उंची आणि दातांची ठेवण कळते. उंची एकदम खूप वाढवायची नाही असं डॉक्टरांना सांगा, स्नायूंना झेपत नाही. कोपऱ्यातल्या चिरांना कधी कधी बुरशीचा संसर्ग असतो, त्याचं मलम वेगळं लागतं, तेही दाखवा. आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवूनच झोपा.

मुलुंडकरीण

आजोबा, माझ्या सासूबाईंचीही कवळी अशीच जुनी आहे, शनिवारी त्यांनाही सोबत नेतेय. लॅबवाले दादा, कवळीसाठी फेसबो लावतात का हे आधी विचारायचं तर नक्की काय म्हणून विचारू?

लॅबवाला_लालबाग

सरळ विचारा, "फेसबो ट्रान्सफर करता का, आणि कवळी फायनल करायच्या आधी मेणात दात लावून ट्राय-इन देता का?" मेणाच्या ट्राय-इनला सासूबाईंना आरशासमोर बसवा, बोलायला लावा, साठ ते सत्तर आकडे मोजायला सांगा, "स" म्हणताना वरखालचे दात आपटले तर उंची जास्त आहे. तेव्हाच सांगा, मेणात असताना सगळं हलवता येतं.